वाचक विचारतात : रोज चालवायला मसल कार कोणती घ्यावी?

अमेरिकेतल्या वाचकांकडून आलेले या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच विषयाभोवती आहेत. साठ-सत्तरच्या दशकातलं रूप आणि आतली यंत्रं आजची, अशी मसल कार (मोठ्या इंजिनाची, दोन दारांची ताकदवान अमेरिकन गाडी) रोज कामावर न्यायला घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणती? या गाड्या मुख्यतः तीन : २००५ पासूनची फोर्ड मस्टँग, २००८ पासूनची डॉज चॅलेंजर आणि २०१० पासूनची शेव्हरोले कॅमेरो. चॅलेंजरचं उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये थांबलं आणि कॅमेरोचं २०२४ हे शेवटचं मॉडेल. त्यामुळे नवीकोरी मिळते ती मस्टँगच. बाकी दोन्ही जुन्याच घ्याव्या लागतात, म्हणून उत्तरांमध्ये जुनी गाडी पारखण्यावर जास्त भर दिला आहे.

प्रश्न : रोज जाऊन-येऊन ४० मैल होतात. दोन मुलं आहेत, एक सहा वर्षांचं आणि एक नऊ वर्षांचं. शाळेत सोडणं माझ्याकडेच आहे. या तीन गाड्यांपैकी कोणती घेऊ? (ओहायो)

चॅलेंजर घ्या. तुमच्या बाबतीत मागची सीटच निकाल लावते. चॅलेंजरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ११६ इंच अंतर आहे, मस्टँगमध्ये साधारण १०७. या फरकाचा काही भाग मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना मिळतो. चॅलेंजरमध्ये मागे पायांना सुमारे ३३ इंच जागा आहे आणि पट्टे तिघांसाठी आहेत. मस्टँग आणि कॅमेरोमध्ये ही जागा २९-३० इंचांच्या आसपास भरते आणि पट्टे दोनच. पुढे उंच माणूस बसला की मागच्या मुलाचे बूट पुढच्या सीटच्या पाठीला टेकलेच म्हणून समजा. डिकीचंही तसंच आहे. चॅलेंजरची १६.२ घनफूट, मस्टँगची (२०१५ नंतरची) १३.५ आणि सहाव्या पिढीच्या (२०१६ पासूनच्या) कॅमेरोची फक्त ९.१. कॅमेरोच्या डिकीचं तोंडही अरुंद आहे. आत जागा असूनही मोठी बॅग तोंडातूनच जात नाही.

तरीही दोन दारांची गाडी ती दोन दारांचीच. व्यवहार करण्याआधी एक गोष्ट नक्की करा. दोन्ही बूस्टर सीट आणि दोन्ही मुलं बरोबर न्या. गाडी दोन गाड्यांच्या मधल्या जागेत उभी करायला लावा. मग मुलांना स्वतः मागे चढून पट्टा लावायला सांगा. या गाड्यांची दारं लांब असतात. शेजारची गाडी जवळ असली की दार अर्धंच उघडतं आणि त्या फटीतून दप्तरासकट मूल मागे सरकवावं लागतं. बूस्टर बसवला की पट्ट्याचं कुलूप त्याच्या कडेखाली दबतं आणि सहा वर्षांच्या मुलाच्या बोटांना ते सापडत नाही. शाळेच्या रांगेत मागे दहा गाड्या उभ्या असताना हे रोज जमणार का, ते तिथेच कळेल. कडा अरुंद असलेला बूस्टर घेतला की बऱ्याचदा काम होतं.

वर्ष २०१५ किंवा त्यानंतरचं निवडा. त्या वर्षापासून आठ गिअरचा ऑटोमॅटिक आला आणि आतला डॅशबोर्ड बदलला. त्याआधीचा पाच गिअरचा ऑटोमॅटिक टिकाऊ आहे, पण हायवेवर इंजिन जास्त फिरवतो आणि पेट्रोल जास्त पितो.

चाकं मात्र बघून घ्या, कारण रोजच्या सुखाचा मोठा भाग तिथे आहे. साध्या एसएक्सटी प्रकाराला १८ इंची चाकं आणि २३५/५५ चे टायर येतात, वरच्या प्रकारांना बहुधा २० इंची आणि २४५/४५. आकडेमोड सोपी आहे. २३५ चे ५५ टक्के म्हणजे टायरची बाजू १२९ मिलिमीटर उंच, २४५ चे ४५ टक्के म्हणजे ११० मिलिमीटर. हिवाळ्यानंतर रस्ते उखडतात तेव्हा हे १९ मिलिमीटर रबरच रिमला वाचवतं. १८ इंची टायर स्वस्तही पडतात. फोटोत २० इंची चाकं शोभून दिसतात हे खरं, पण रोज खड्डे चुकवायचे असतील तर आम्ही १८ च घेऊ.

गाडी जवळपास १९८ इंच लांब आहे, म्हणजे साडेसोळा फूट. फ्रीज, सायकली, कपाट धरून गॅरेजमध्ये प्रत्यक्ष किती लांबी उरते ते आधी टेपने मोजून ठेवा.

प्रश्न : व्ही६ घेतली तर मसल कार घेतल्याचं समाधान मिळेल का? की सरळ व्ही८ घ्यावी? (टेक्सस)

व्ही६ म्हणजे सहा सिलिंडरचं इंजिन, व्ही८ म्हणजे आठ सिलिंडरचं. आधी आकडे पाहू. २००५ मध्ये मस्टँग जीटी नव्या रूपात आली तेव्हा तिच्या व्ही८ ची ताकद ३०० अश्वशक्ती होती. चॅलेंजरचा ३.६ लिटर व्ही६ ३०५ देतो, सहाव्या पिढीच्या कॅमेरोचा व्ही६ ३३५ आणि २०१५ च्या मस्टँगचा २.३ लिटर टर्बो ३१०. हायवेवर चढताना, ट्रक ओलांडताना यातलं कुठलंच इंजिन कमी पडत नाही.

कमी पडतो तो खालचा जोर आणि आवाज. ५.७ लिटर हेमीचा (चॅलेंजरच्या व्ही८ चा) टॉर्क ४०० पाउंड-फुटांच्या घरात आहे, व्ही६ चा २६८. सिग्नलवरून हलक्या पायाने निघतानाही हे जाणवतं. व्ही८ गाडी उचलते, व्ही६ ला आधी आरपीएम चढवावे लागतात. टर्बो मस्टँगमध्ये टॉर्क भरपूर आहे (२०१८ पासून ३५०, तोही प्रीमियम पेट्रोलवर), पण आवाज चार सिलिंडरचाच, आणि तोही काही प्रमाणात स्पीकरमधून ऐकवलेला. ज्याला व्ही८ चा आवाज हवा आहे त्याचं मन दुसऱ्या कशात रमत नाही. अशा माणसाने व्ही६ घेऊन वर्षभरात ती विकण्यापेक्षा पहिल्यांदाच व्ही८ घ्यावी. त्यात खर्च कमी होतो.

खर्च किती वाढतो? वर्षाला १२,००० मैल धरा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या व्ही६ चॅलेंजरचा सरकारी सरासरी आकडा गॅलनला २३ मैल आहे, म्हणजे ५२२ गॅलन. ५.७ ऑटोमॅटिकचा १९, म्हणजे ६३२. त्याहून मोठ्या ६.४ लिटर व्ही८ चा १८ च्या आसपास, म्हणजे ६६७. पेट्रोलचा दर्जाही यात धरा. व्ही६ ला ८७ ऑक्टेनचं साधं पेट्रोल पुरतं, ५.७ साठी ८९ ची शिफारस आहे, ६.४ ला ९१ लागतं. कॅमेरो एसएसच्या ६.२ लिटर व्ही८ लाही प्रीमियमचीच शिफारस आहे. मस्टँगचा ५.० लिटर व्ही८ इथे उजवा ठरतो. तो ८७ वर बिनधास्त चालतो, फक्त पूर्ण ताकद प्रीमियमवर मिळते. रोजच्या वापरासाठी व्ही८ घ्यायचाच तर आम्ही या एका कारणासाठीही ५.० कडे झुकतो.

देखभालीत फरक आहे, पण घाबरण्याइतका नाही. हेमीला सिलिंडरमागे दोन असे १६ स्पार्क प्लग आहेत, ते बदलायची वेळ आली की बिल दुप्पट होतं. २०१८ नंतरच्या मस्टँग जीटीत १० क्वार्ट ऑइल बसतं, चॅलेंजरच्या व्ही६ मध्ये सुमारे ६. २०१८ नंतरचा ५.० गरम झाल्यावर कमी आरपीएमवर टाइपरायटरसारखा टिकटिकतो. बऱ्याच गाड्यांत हा आवाज असतो आणि एवढ्यावरून इंजिन बिघडलं असं होत नाही. त्याच वर्षांच्या दहा गिअरच्या ऑटोमॅटिककडे मात्र नीट लक्ष द्या. ‘डी’ त टाकल्यावर गाडीने क्षणभर विचार केला आणि मग धक्का देऊन गिअर घेतला, किंवा चालताना एखादा गिअर सतत आपटून पडत असेल, तर ती गाडी सोडा. आतल्या सीडीएफ ड्रमचं बुश जागेवरून सरकल्याची ती लक्षणं असू शकतात आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागतो.

प्रश्न : ‘हेमी टिक’ म्हणजे नेमकं काय? ५.७ ची जुनी चॅलेंजर बघायला जायचं आहे. (जॉर्जिया)

एकाच नावाखाली लोक दोन वेगळ्या आवाजांबद्दल बोलतात. एक दुरुस्त होणारा आहे, दुसरा इंजिन खाणारा.

पहिला एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बोल्टचा. मॅनिफोल्ड तापून-गार होऊन वाकतं आणि शेवटचा बोल्ट, बहुतेक वेळा केबिनच्या बाजूचा, तुटतो. थंड इंजिनात त्या फटीतून वायू फटफट बाहेर पडतो आणि टिकटिक ऐकू येते. इंजिन तापलं की धातू फुगतो, फट बुजते, आवाज एक-दोन मिनिटांत विरतो. दुरुस्तीत तुटलेला बोल्ट हेडमधून काढणं हेच खरं काम, मजुरी त्याचीच असते.

दुसरा लिफ्टरचा. इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट, आणि त्यावर टेकून वर-खाली होणारा भाग म्हणजे लिफ्टर. लिफ्टरच्या टोकाला एक छोटा रोलर असतो आणि त्याच्या आत सुईसारखी बारीक बेअरिंग. ती झिजली की रोलर फिरायचा थांबतो आणि कॅमच्या उंचवट्यावर घासत राहतो. कॅम खरवडला जातो, लोखंडाचा बारीक कीस ऑइलमध्ये उतरतो. हा आवाज तापल्यावर जात नाही, उलट स्पष्ट होतो. सोबत एखाद्या सिलिंडरच्या मिसफायरचा (इंधन नीट न पेटल्याचा) कोड गाडीच्या संगणकात येतो. औषध एकच : हेड उतरवून सगळे लिफ्टर आणि कॅमशाफ्ट नवे. गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा यात जातो. ताशी शून्य मैलाने तासन्‌तास चालू राहिलेल्या इंजिनांना याचा धोका जास्त, कारण आयडलिंगवर त्या भागाला ऑइल कमी पोचतं. म्हणून मैल कमी पण इंजिन कायम चालू ठेवून एसीत बसायची सवय असलेल्या मालकाची गाडी वाटते तितकी ताजी नसते.

आता गाडी बघायला जाताना काय करायचं ते सांगतो. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की इंजिन चालू करून ठेवू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर तळहात ठेवा. बॉनेट कोमट लागलं तर पहिला आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही, दुसऱ्या दिवशी परत या. थंड असेल तर बॉनेट उघडून विकणाऱ्याला इंजिन सुरू करायला लावा आणि तुम्ही आधी पुढच्या डाव्या, मग उजव्या चाकाच्या वर कान द्या. दोन मिनिटं तिथेच थांबा. मग १५-२० मिनिटं चालवून आणा आणि त्याच दोन जागी पुन्हा ऐका. आधी होता आणि गेला, तर बोल्ट. नव्हता आणि आला, किंवा होता आणि राहिला, तर परत फिरा.

मालकाकडे ऑइल बदलल्याच्या पावत्या मागा. ५.७ ला ५डब्ल्यू-२० प्रकारचं ७ क्वार्ट लागतं. पावतीवर ५ क्वार्ट दिसलं तर ज्याने बदललं त्याला गाडी माहीत नव्हती.

व्ही६ घेणाऱ्यांसाठी याला जोडूनच : त्या इंजिनाच्या मधल्या खोलगट भागात ऑइल फिल्टरचं प्लास्टिकचं घर आहे. उष्णतेने ते तडकतं. ऑइल त्या खळग्यात साठून मागच्या बाजूने गिअरबॉक्सवर ओघळतं आणि अनेक मेकॅनिक ‘मागचं सील गेलं’ असं निदान करून गिअरबॉक्स उतरवायला निघतात. आधी इनटेक मॅनिफोल्डखाली टॉर्च मारून बघायला सांगा. खळग्यात ऑइल दिसलं तर दोष तिथे आहे. बदली घर अॅल्युमिनियमचंही मिळतं, तेच बसवावं. २०११ ते २०१३ च्या व्ही६ मध्ये डाव्या बाजूच्या हेडचाही दोष होता. तिथून टिकटिक आणि मिसफायर येत असेल तर ती गाडी टाळलेली बरी.

प्रश्न : बजेट कमी आहे. २००६ ची मस्टँग जीटी परवडते. रोज चालवण्यासारखी आहे का? (नॉर्थ कॅरोलायना)

आहे, आणि जुन्या मस्टँगचं रूप सगळ्यात प्रामाणिकपणे उचललं ते याच पिढीने. मागचा अॅक्सल अखंड आहे. वळणावर खड्डा आला की मागची बाजू किंचित बाजूला उडी मारते, पण बांधणी साधी आणि दणकट आहे. तीन जागा तपासा.

एक, पुढच्या प्रवाशाच्या पायाखालचं कार्पेट. काचेखालच्या पन्हाळीत पानं साचतात, पाणी तुंबतं आणि आत झिरपतं. कार्पेटच्या वरून हात फिरवून कळत नाही. कडा उचलून खालच्या फोमवर तळवा दाबा. ओल लागली, कुबट वास आला, तर त्याच बाजूला असलेली विजेची जंक्शन बॉक्सही भिजलेली असू शकते. मग कधी वायपर आपोआप चालू, कधी खिडकी बंद, असे विचित्र त्रास सुरू होतात.

दोन, स्पार्क प्लग. ४.६ लिटर थ्री-व्हॉल्व्ह इंजिनात तेव्हा दोन तुकड्यांचे प्लग होते. खालच्या लांब नळीभोवती कार्बन साचतो, प्लग फिरवताना वरचा भाग हातात येतो आणि नळी हेडमध्येच राहते. बदलण्याची रीत ठरलेली आहे. इंजिन पूर्ण गार हवं. प्लग फक्त अष्टमांश ते पाव फेरा सैल करायचा. प्लगभोवतीच्या खोल भोकात कार्ब्युरेटर क्लीनर सोडायचा आणि किमान १५ मिनिटं मुरू द्यायचा. मग मागे-पुढे हलवत, कुरकुर झाली की परत घट्ट करत, हळूहळू काढायचा. नवीन प्लगच्या नळीला निकेलचं अँटी-सीझ लावायचं. मालकाने प्लग आधीच बदलले असतील आणि पावती दाखवली, तर तो मोठा दिलासा समजा. ‘मूळ प्लग आहेत’ असं कोणी कौतुकाने सांगितलं तर ते काम तुमच्या नावावर आहे, किमतीत वजा करून घ्या.

तीन, एअरबॅग. या पिढीच्या मस्टँग टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगच्या रिकॉलमध्ये (दुरुस्तीसाठी परत बोलावलेल्या गाड्यांत) आहेत. गाडीचा १७ अक्षरी ओळख क्रमांक (व्हीआयएन) एनएचटीएसए या सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाका. रिकॉल बाकी दिसला तर आधी तो करून घ्या, दुरुस्ती फुकट असते. हे चॅलेंजरच्या जुन्या वर्षांनाही लागू आहे.

पैसे थोडे वाढवता आले तर २०११ च्या पुढची जीटी बघा. ५.० लिटरचं ४१२ अश्वशक्तीचं इंजिन त्या वर्षी आलं आणि वरची प्लगची कटकट संपली. मागचं सस्पेन्शन स्वतंत्र झालं ते २०१५ ला.

प्रश्न : कॅमेरो दिसायला सर्वांत आवडते, पण आतून बाहेरचं दिसत नाही असं ऐकतो. (इलिनॉय)

बरोबर ऐकलंत. खिडक्यांची पट्टी अरुंद आणि छत खाली आहे. मागचा खांब इतका जाड आहे की हायवेवरच्या रांगेत शिरताना खांद्यावरून वळून बघितलं तरी शेजारची छोटी गाडी त्याआड लपते. सीट वर घेतली तर डोकं छताला लागतं, खाली घेतली तर बॉनेट दिसत नाही. बाजूचे आरसे बरेच बाहेर फिरवून लावले, स्वतःच्या गाडीची कड दिसेनाशी होईपर्यंत, तर अर्धा प्रश्न सुटतो. उरलेल्यासाठी ब्लाइंड झोनचा (आरशात न दिसणाऱ्या जागेतल्या गाडीचा) इशारा देणारी यंत्रणा असलेलीच गाडी घ्या. रात्री, पावसात, भरलेल्या हायवेवर एकदा चालवून बघा. तिथे अवघडलात तर सवय होईल या आशेवर घेऊ नका.

चालवायला मात्र सहाव्या पिढीची, म्हणजे २०१६ नंतरची कॅमेरो तिघींत सर्वांत चपळ आहे. एकट्याने चालवायची, डिकीत फक्त लॅपटॉपची बॅग जाणार, रस्ता वळणांचा, असं असेल तर आमचं मत तिलाच.

आठ गिअरच्या ऑटोमॅटिकची एक परीक्षा करा. ताशी ३० ते ६५ मैलांत, हलक्या पायाने, वेग स्थिर ठेवून चालवा. रस्त्याकडेच्या खाचांवरून गेल्यासारखी थरथर आली तर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा भाग) थरथरतोय. मूळ ट्रान्समिशन ऑइल हवेतला ओलावा शोषून घेत असे, त्यामुळे हे व्हायचं. उपाय म्हणजे गिअरबॉक्समधलं सगळं ऑइल मशीनने धुऊन काढून मोबिल १ सिंथेटिक एलव्ही एटीएफ एचपी भरणं. नुसतं खालून काढून भरलं तर जुनं बरंच आत राहतं. धुतल्यावर थरथर पूर्ण जायला सुमारे २०० मैल लागू शकतात. तरी राहिली तर कन्व्हर्टर बदलावा लागतो. हे काम झाल्याची पावती असलेली गाडी, न झालेल्या गाडीपेक्षा आम्हाला जास्त विश्वासाची वाटते.

पाचव्या पिढीत २०१० आणि २०११ चा व्ही६ टायमिंग चेन ताणली जाण्यासाठी ओळखला जातो. २०१२ पासूनचा ३२३ अश्वशक्तीचा घ्या.

प्रश्न : बर्फात या गाड्या चालतात का? (मिनेसोटा)

टायर बदलले तर चालतात, नाही बदलले तर अजिबात नाही. घोटाळा मागच्या चाकांच्या ड्राइव्हमुळे होतो असं लोक समजतात, पण खरा गुन्हेगार उन्हाळी टायर असतो. ताकदवान प्रकारांवर कारखान्यातून उन्हाळी टायर येतात. साधारण ४० अंश फॅरनहाइटखाली त्यांचं रबर कडक होऊन पकड सोडतं, आणि कडाक्याच्या थंडीत, २० अंशांखाली, गाडी नुसती हलवली तरी रबराला तडे जाऊ शकतात. उघड्या आवारात हिवाळा काढलेली गाडी घेत असाल तर खोबणींच्या तळाशी आणि बाजूंवर बारीक चिरा शोधा.

चार हिवाळी टायर, चारही, वेगळ्या १८ इंची रिमवर बसवून घ्या. फक्त मागे बसवले तर गाडी निघते, पण वळत आणि थांबत नाही. तुमच्या प्रकाराला ब्रेम्बो कंपनीचे मोठे ब्रेक असतील तर १८ इंची रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासू शकतं, विकत घेण्यापूर्वी बसवून बघायला सांगा. टायरच्या हवेचे सेन्सर दुसऱ्या रिममध्येही टाका, नाहीतर चार महिने डॅशबोर्डवर दिवा पेटलेला राहील. स्टॅबिलिटी कंट्रोल बंद करू नका.

चारही चाकांना ताकद हवी असेल तर २०१७ पासून चॅलेंजर जीटी ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये मिळू लागली, तशी जुनी शोधा; इंजिन फक्त व्ही६, गॅलनला सरासरी २१ मैल. त्या गाडीचे टायर चारही एकदम बदलायचे. दोन नवे आणि दोन झिजलेले ठेवले तर चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर कायमचा ताण येतो.

मीठ टाकलेल्या रस्त्यांवरून आल्यावर आठवड्यातून एकदा गाडी खालून धुवा.

प्रश्न : मॅन्युअल घ्यावी असं मनात आहे. रोज तासभर ट्रॅफिक आहे. (न्यू जर्सी)

रोज तासभर ट्रॅफिक असेल तर घेऊ नका. व्ही८ चा क्लच जड असतो आणि दहा-दहा फुटांनी सरकताना अर्ध्या क्लचवरच गाडी राहते, त्यात पायही जातो आणि क्लचप्लेटही. मन मानतच नसेल तर मस्टँगची घ्या, तिघींत तिचा क्लच हलका आहे. थंडीत सकाळी तिचा दुसरा गिअर अडखळतो. पहिले काही मैल हळू टाका, रेटू नका.

प्रश्न : विमा आणि चोरी याबद्दल काय काळजी घ्यावी? (मेरिलँड)

गाडी पसंत पडली की पैशांचं बोलण्याआधी व्हीआयएन घेऊन विम्याचं कोटेशन काढा. ‘चॅलेंजर’ एवढ्यावर मिळालेला आकडा उपयोगाचा नाही, कारण व्ही६, ५.७ आणि ६.४ यांचे हप्ते वेगवेगळे येतात आणि पिन कोडनुसार पुन्हा बदलतात. हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूटच्या चोरीच्या याद्यांमध्ये डॉजच्या मोठ्या इंजिनांच्या गाड्या अगदी वरच्या जागी आल्या आहेत, आणि विमा कंपन्या तेच बघून दर लावतात. व्ही६ घेण्याचं हे एक ठोस कारण आहे.

चोर काच फोडून किंवा दार उघडून डॅशबोर्डखालच्या निदान-सॉकेटला (मेकॅनिक दोष तपासायला वापरतात त्या) यंत्र जोडतात आणि नवी किल्ली प्रोग्रॅम करतात. २०१५ ते २०२१ च्या ६.४ आणि सुपरचार्जर असलेल्या चॅलेंजरसाठी आणि तिच्या चार दारांच्या बहिणीसाठी, डॉज चार्जरसाठी, डॉजने एक सॉफ्टवेअर दिलं होतं. चार अंकी कोड टाकल्याशिवाय इंजिन ६७५ आरपीएमवर अडकून राहतं आणि गाडी जेमतेम रांगते. असं सॉफ्टवेअर घातलंय का ते डीलरकडून व्हीआयएनवरून तपासून घ्या. बाकी गाड्यांना निदान-सॉकेटवर बसणारं लोखंडी कुलूप आणि स्टीअरिंगवरचा जाड दांडा, दोन्ही लावा. बाहेरून दिसणारा दांडा बघून चोर बहुधा पुढची गाडी धरतो.

प्रश्न : मेकॅनिकला सोबत नेणं शक्य नाही. तासाभरात आपलं आपण काय तपासू शकतो? (कॅलिफोर्निया)

थंड इंजिनाचा आवाज वर सांगितला, सुरुवात तिथूनच. तो ऐकताना मागच्या टायरांची आतली कड बोटाने चाचपा. बाहेरून नवा दिसणारा टायर आत तारेपर्यंत झिजलेला असतो, विशेषतः स्प्रिंग कापून किंवा बदलून गाडी खाली केली असेल तर. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. सहा वर्षं ओलांडलेले टायर बदलायचे धरूनच भाव ठरवा. पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या रुंदीचे असतील (मस्टँग परफॉर्मन्स पॅकला पुढे २५५, मागे २७५) तर ते पुढे-मागे फिरवता येत नाहीत, मागचे लवकर संपतात.

रस्त्यावर रेडिओ बंद ठेवा. स्पीडब्रेकरवर पुढून ‘टक’ असा आवाज, ब्रेक दाबल्यावर स्टीअरिंग एका बाजूला किंचित ओढणं, ही चॅलेंजरमध्ये पुढच्या टेन्शन स्ट्रटचं (चाक जागेवर धरणाऱ्या दांड्याचं) रबरी बुश गेल्याची खूण. बदलणं महाग नाही, पण बदललं नाही तर ते टायर खातं. ताशी ६५ ला हात सैल सोडा आणि गाडी सरळ जाते का बघा.

बदललेला एअर इनटेक, ट्यून केलेला संगणक दिसला तर कॅलिफोर्नियात जास्त सावध. दर दोन वर्षांच्या स्मॉग तपासणीत राज्याच्या मंजुरीचा ईओ क्रमांक नसलेला भाग अडवला जातो, आणि विकणाऱ्याने मूळ भाग बहुधा ठेवलेले नसतात. भाग खरोखर मंजूर असेल तर त्यावर किंवा बॉनेटखाली त्याचं स्टिकर असतं, ते दाखवायला सांगा.

शेवटी निदान-सॉकेटला लावायचं साधं ब्लूटूथ यंत्र सोबत न्या आणि फोनवर दोन पानं बघा, कोड आणि ‘रेडीनेस मॉनिटर’ (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का, ते दाखवणारं). कोड एकही नाही एवढ्यावर खूश होऊ नका. बरेच मॉनिटर ‘नॉट रेडी’ दिसत असतील तर कोणीतरी नुकतेच कोड पुसले आहेत किंवा बॅटरी काढली आहे. विकणाऱ्याला सांगा की शहरात आणि हायवेवर मिळून शंभरएक मैल चालवून, मॉनिटर पूर्ण झाल्यावर कळवा, मग बघतो. दोष नसेल तर तो आठवड्यात फोन करेल.